म्हणणं पटवायचं कसं?

‘‘मी सांगते ते खरं आहे, तरी घरात कुणी ऐकतच नाही!’’ ही तक्रार आपण ऐकतो आणि करतोही. मुलीला शिकायला परगावी पाठवायचं असो, नाहीतर सासूबाईंचं ऑपरेशन लांबवू नये असं सांगायचं असो. मुद्दा बरोबर असतो, पण समोरच्याला तो पटत नाही.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने सुमारे २३०० वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे की, माणसाला एखादी गोष्ट पटते ती तीन कारणांनी: बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्यातला तर्क. आपण मात्र यातलं एकच धरून बसतो. कुणी नुसते हिशेब मांडतो, कुणी नुसते डोळे पुसतो.

हे तिन्ही एकत्र कसे येतात, ते आनंदीबाई जोशींकडून शिकावं. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा वयाची १८ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. डॉक्टर होण्यासाठी त्या एकट्या अमेरिकेला निघाल्या होत्या आणि लोकांचा त्याला विरोध होता. त्यांनी विरोधकांना दूषणं दिली नाहीत. उलट लोकांच्या मनातले प्रश्न स्वतःच मांडले. अमेरिकेलाच का? इथे सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? तिथे काही संकट आलं तर? आजवर कुणा बाईने केलं नाही, ते मीच का करावं?

मग एकेकाचं उत्तर दिलं. इथलं शिक्षण अपुरं कसं, हा तर्क झाला. परपुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला बायका संकोचतात, हे दुःख तर घरोघरचं होतं. आणि ‘हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन’ या ग्वाहीने विश्वास मिळवला. सगळ्यांचा विरोध मावळला नाही, पण मदत येऊ लागली. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनीही २०० रुपये दिले. एप्रिलमध्ये त्या बोटीत बसल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या.

आपल्या घरातही हे जमण्यासारखं आहे. बोलण्याआधी समोरच्याच्या मनातले प्रश्न कागदावर लिहून काढा. मुलीच्या हॉस्टेलला नाही म्हणणाऱ्या वडिलांना तिचे मार्क ठाऊकच असतात. त्यांना काळजी असते ती रात्री-अपरात्रीची. तिथली व्यवस्था आधी पाहून या, मगच विषय काढा.

एक पथ्य मात्र पाळा. ‘ऐकलं नाहीत तर मी जेवणार नाही’ असं म्हणून होकार मिळतो, पण पुढच्या वेळी तुमच्या खऱ्या अश्रूंवरही कुणी विश्वास ठेवत नाही. आणि समोरच्याचा एखादा प्रश्न बिनतोड निघाला, तर आपलं मत बदलायचीही तयारी ठेवा. त्यात कमीपणा नाही.