दुखणे अंगावर काढायचे कोठवर?

दुखणे अंगावर काढणे हा आपल्या घरांतून एक सद्गुणच मानला गेला आहे. कंबर, मान, गुडघे वर्षानुवर्षे ठणकत असतात. माणूस दुकानातून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी आणतो आणि पुन्हा स्वतःला कामाला जुंपून घेतो. गृहिणीच्या वाट्याला तर तेवढाही उपचार येत नाही. 'वय झाले, चालायचेच!' एवढ्यावर तिची बोळवण होते.

वैद्यकशास्त्राला ही समजूत मान्य नाही. ३ महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले आहे. मूळ इजा भरून आल्यावरही मज्जासंस्था वेदनेचे संदेश देत राहू शकते. तेव्हा क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही म्हणून रुग्णाचे दुखणे खोटे ठरत नाही.

मग उपाय कोणता? गोळ्या खचित नव्हेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण होतात, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. ज्या जुनाट वेदनेचे अन्य कारण सापडत नाही, तिच्यासाठी अशा गोळ्या, इतकेच काय पॅरासिटामॉलही, नव्याने सुरू करू नये आणि व्यायामावर भर द्यावा, असे ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये डॉक्टरांना बजावले.

परंतु व्यायाम चिठ्ठीवर लिहून भागत नाही. झोप, काम, चिंता यांची विचारपूस करणारा, थोडी थोडी हालचाल वाढवून घेणारा आणि महिन्याने पुन्हा बोलावणारा डॉक्टर हवा. तो घराजवळचाच असावा लागतो. ताप, घटते वजन, पायांतील वाढता अशक्तपणा किंवा लघवीवरील ताबा सुटणे, ही धोक्याची चिन्हे ओळखून रुग्णाला तत्काळ रुग्णालयात धाडण्याचे कामही त्याचेच. पण ज्याच्या दाराशी रांग लागलेली आहे, त्याने हे करावे केव्हा?

म्हणूनच आमची मागणी साधी आहे. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात आठवड्यातून एक वेळ जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी राखून ठेवा, तेथे फिजिओथेरपिस्ट नेमा आणि डॉक्टरांना या विषयाचे शिक्षण द्या. याला महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो वेळ. नागरिकांच्या सोशिकपणावर आरोग्यव्यवस्थेने आणखी किती काळ विसंबून राहायचे?