पहिला क्रमांक मार्टिनचा, कंत्राट दुसऱ्याला

२७ नोव्हेंबर १९६१. अमेरिकेतील मार्टिन कंपनीत ध्वनिक्षेपकावरून वार्ता घुमली : चंद्रयात्रेच्या 'अपोलो' यानाचे कंत्राट आपल्याला मिळाले! दुसऱ्या दिवशी 'नासा'ने नाव जाहीर केले, ते नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनचे.

अफवा खोटी ठरली. पण निराधार नव्हती.

पाच प्रस्ताव आले होते. मूल्यमापन मंडळाने भारांक आधीच ठरवले होते : तांत्रिक आराखड्याला ३० टक्के, तांत्रिक पात्रतेला ३० आणि व्यवसाय-व्यवस्थापनाला ४०. (सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याची आपल्याकडील परिचित रीत येथे नव्हती. जे यान आजवर कोणी बांधलेच नाही, त्याचा दर सांगणार कोण?)

एकूण गुणांत मार्टिन ६.९ वर, तर नॉर्थ अमेरिकन आणि जनरल डायनॅमिक्स ६.६ वर. मंडळाने मार्टिनची शिफारस केली आणि नॉर्थ अमेरिकनला उत्तम पर्याय म्हटले.

खरी गंमत तपशिलात आहे. नॉर्थ अमेरिकन आराखड्यात पाचांत शेवटची होती, व्यवस्थापनातही शेवटचीच. ती पहिली आली केवळ तांत्रिक पात्रतेत : ६.६६, मार्टिन ६.६३. तीन शतांशांची आघाडी!

तरीही नासाचे प्रमुख जेम्स वेब आणि त्यांचे दोन निकटचे सहकारी, ह्यू ड्रायडन व रॉबर्ट सीमन्स, यांनी नॉर्थ अमेरिकनची निवड केली. एक्स-१५ हे विक्रमी वेगाचे विमान याच कंपनीने घडवले होते, आणि मानवी उड्डाणाची धुरा वाहणारे रॉबर्ट गिलरूथ यांना असा अनुभव मोलाचा वाटत होता.

हा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. गुणतक्ता हा निर्णयकर्त्याचा सल्लागार असतो, मालक नव्हे. परंतु अनुभव इतका निर्णायक होता, तर त्याचा भारांक प्रस्ताव मागवतानाच वाढवायला हवा होता. उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर विषयांचे महत्त्व बदलले, तर परीक्षा घेतलीच कशाला? आणि ४० टक्क्यांचा जो विषय बाजूला पडला, त्यातच कंपनी सर्वांत दुबळी होती.

१९६५च्या अखेरीस अपोलोचे संचालक सॅम्युअल फिलिप्स यांनी या कंपनीच्या कामाची झाडाझडती घेतली. त्यांना आढळले ते नियोजनातील दोष, विलंब, वाढता खर्च आणि घसरलेला दर्जा.

२७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरील चाचणीत यानाला आग लागली. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

येथे घाईने निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. यानात शुद्ध प्राणवायू भरण्याचा निर्णय नासाचा होता. कंपनीने नायट्रोजन-मिश्रित हवा सुचवली होती. मार्टिनच्या यानाला आग लागली नसती, असे कोणीही सिद्ध करू शकत नाही. शिवाय १९६९मध्ये चंद्राकडे गेलेले यानही याच कंपनीचे होते, फेररचना केलेले.

मात्र आगीनंतर जुना गुणतक्ता फाइलीतून बाहेर आला, आणि पाच वर्षांहून अधिक जुन्या निवडीची कारणे तीन मृत्यूंच्या सावलीत सांगावी लागली. फेब्रुवारी १९६७मध्ये सिनेटर वॉल्टर मॉन्डेल यांनी फिलिप्स यांच्या अहवालाविषयी थेट विचारले, तेव्हा वेब यांना त्या अहवालाची कल्पनाच नव्हती.