जुन्या जीपची वंशावळ

यंदां उन्हाळ्याच्या सुटींत केशोरीच्या आमच्या घरीं नेहमींप्रमाणें सारें कुटुंब जमलें, आणि पन्ह्याबरोबरच वादाचा एक विषयही घरांत आला. पुण्यास एका कारखान्यांत नोकरीस असलेला आमचा पुतण्या जुनी जीप विकत घेणार म्हणून सांगूं लागला. घरांत दोन मोटारी असतां तिसरी, आणि तीही मोडकी, कशाला, असें वहिनींचें म्हणणें. थोरल्या बंधूंनीं 'हौसेला मोल नसतें, पण खर्चाला असतें' एवढेंच बोलून वर्तमानपत्र उघडलें. शेवटीं, सेवानिवृत्त माणसास वेळ पुष्कळ या न्यायानें, निवाड्याचें काम आमच्याकडे आलें.

आम्ही निःपक्षपाती होतों असें मात्र म्हणवत नाहीं. आमच्या लहानपणीं केशोरीस जीप येणें म्हणजे सरकार येणें. तहसीलदार, जंगलखात्याचे साहेब, निवडणुकीचे उमेदवार, सारे जीपमधूनच येत. दूर धूळ दिसली कीं आम्ही मुलें वाळत घातलेल्या मिरच्या ओलांडून रस्त्याकडे धांवत असूं, आणि साहेब परत निघण्यापूर्वीं त्या गाडीच्या सपाट मडगार्डास जो हात लावून येई, तो दिवसभर आमच्यांत मोठा ठरे. म्हणून पुतण्यानें मोबाइलवर एका जीपचें छायाचित्र दाखवितांच, अधिक विचारपूस न करितां, बयाण्याचे दहा हजार रुपये आम्हींच काढून दिले. पुढें जें झालें त्याचा दोष प्रथम आमच्या पदरीं पडतो.

या गाडीची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. इ. स. १९४० मध्यें अमेरिकन सैन्यानें चारही चाकांस शक्ति पोंचविणाऱ्या हलक्या गाडीची मागणी केली, आणि बँटम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें त्याच वर्षीं सप्टेंबरांत पहिला नमुना हजर केला. परंतु युद्धाची मोठी गरज भागविण्याचें काम विलीज व फोर्ड या कंपन्यांकडे गेलें. १९४५ पर्यंत त्या दोघींनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बाहेर काढल्या. त्यांपैकीं कित्येक भारत व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आल्या, आणि युद्ध संपल्यावर लिलावांतून खासगी हातीं गेल्या. १९४५ मध्येंच महिंद्र बंधु व मलिक गुलाम महंमद यांनीं 'महिंद्र अँड महंमद' ही पेढी काढिली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९४८ मध्यें पेढीचें नांव 'महिंद्र अँड महिंद्र' झालें, आणि त्याच सुमाराच्या वर्षांत मुंबईस माझगांव येथें विलीज जीपची जुळणी सुरू झाली. पुढें ती गाडी हळूहळू येथेंच घडूं लागली. आमच्या गोंदियाहून बालाघाटमार्गें रेल्वेनें जेथें जातां येतें, त्या जबलपूरच्या कारखान्यांत सैन्यासाठीं 'जोंगा' तयार होई. ती मुळांत जपानच्या निसान कंपनीची गाडी, तिचें कूळच निराळें. तरी बाजारांत तीही 'जुनी जीप' म्हणून पुढें केली जाते.

खरी युद्धकालीन जीप कशी ओळखावी, याचीं लक्षणें पुतण्यानें पाठ केलीं होतीं. तीं वाचकांच्याही उपयोगीं पडतील. तिच्या पुढच्या पत्र्याच्या जाळीस नऊ उभ्या फटी असतात. युद्धानंतरच्या नागरी गाडीस सात. तिचे पुढचे दिवे लहान व जाळीच्या आंत दडलेले. नागरी गाडीचे मोठे व बाहेर आलेले. पेट्रोलची टांकी चालकाच्या आसनाखालीं, आणि आसन उचलल्यावांचून तिचें तोंड सांपडत नाहीं. स्टिअरिंग डावीकडे. विलीज कीं फोर्ड हें ठरवावयाचें तर रेडिएटरखालील आडवा दांडा पाहावा : विलीजचा नळीसारखा गोल, फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा. विलीजच्या चासीचा क्रमांक जडविलेल्या पट्टीवर असे, फोर्डचा चासीच्या लोखंडांतच ठोकलेला असे. फोर्डनें तर साध्या बोल्टांच्या माथ्यांवरही आपलें 'एफ्' अक्षर उमटविलें होतें.

हें सारें ध्यानीं धरून आम्ही दोघे शेजारच्या जिल्ह्यांतील त्या विक्रेत्याकडे गेलों. 'चव्वेचाळीस सालची विलीज, खास लढाईवरची' असें त्यानें आधींच सांगितलें होतें. गाडीस नवा हिरवा रंग, वर पांढरा तारा. पुतण्यानें जवळ जाऊन फटी मोजल्या, त्या सात भरल्या. स्टिअरिंग उजवीकडे. बॉनेट उंच, म्हणजे अशा धाटणीची गाडी खुद्द विलीजनेंही १९५३ पूर्वीं बाजारांत आणिली नव्हती. पुतण्या शांतपणें म्हणाला, "काका, ही महिंद्र आहे. महिंद्र म्हणून सांगितलें असतें तरी मीं ती आनंदानें घेतली असती." मग तो गाडीखालीं शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाहीं. क्रमांकाच्या जागीं लोखंड घासून गुळगुळीत केलेलें होतें. विक्रेत्यास विचारतां तो हंसून म्हणाला, "मास्तर, त्यांत काय मोठें! कागदावर जो नंबर आहे तो संध्याकाळपर्यंत ठोकून देतों." आम्ही चहा तसाच ठेवून उठलों. बयाणा परत मिळाला नाहीं.

घासलेला क्रमांक म्हणजे गाडीचें नांव पुसलेलें. ती चोरीची असेल, दुसऱ्या मोडलेल्या गाडीचे कागद तिला चिकटविले असतील. कांहीं असलें तरी तो नंबर पुन्हां ठोकणें हा गुन्हा आहे, आणि घेणाराही त्यांत अडकतो. घरांतील तरुण मुलगा हौसेपायीं पोलिसचौकीच्या पायऱ्या चढूं लागला, तर वडील माणसांनीं काय केलें असें लोक विचारतील, आणि तें रास्तच होईल.

परततांना आम्हांस पोथ्यांची आठवण झाली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ मध्यें हातीं घेतलें व १९६६ मध्यें तें पुरें झालें. निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या ताडून कोणता पाठ मूळचा व कोणता मागाहून घुसडलेला, हें त्या विद्वानांनीं ठरविलें. पण जे श्लोक मूळचे नव्हेत ते त्यांनीं जाळून टाकिले नाहींत. ते तळटिपांत व परिशिष्टांत नोंदविले. जुन्या जीपच्या शौकीनाचेंही व्रत हेंच असावें. ऐंशी वर्षांच्या गाडीचें ब्रेक, बेअरिंग, वायरी बदलाव्याच लागणार. देवळाचा जीर्णोद्धार करणारास कोणी लबाड म्हणत नाहीं. परंतु नवा चिरा बसवून तो हेमाडपंती म्हणून सांगणारास म्हणतात.

कागदांविषयीं आमच्या भागांत विशेष जपावें लागतें. हा मुलूख १९५६ पर्यंत मध्य प्रदेशांत होता, पुढें द्वैभाषिक मुंबई राज्यांत गेला, १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. आणि १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. तेव्हां येथल्या एखाद्या जुन्या जीपच्या कागदांवर दोन-तीन राज्यांचीं नांवें दिसलीं तर घाबरूं नये. उलट तीं क्रमानें जुळलीं तर विश्वासच वाढतो. मधलाच दुवा तुटलेला असेल, तर आर. टी. ओ. कचेरींत चौकशी केल्यावांचून एक रुपयाही देऊं नये. केंद्र सरकारनें २०२१ मध्यें जुन्या गाड्यांसाठीं स्वतंत्र नियम केले आहेत. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपांत राखलेली, चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षें, आणि क्रमांकांत 'व्ही. ए.' हीं अक्षरें. अशी गाडी प्रदर्शनास किंवा रॅलीस नेतां येते. रोज बाजारहाटास नव्हे.

सुट्या भागांसाठीं पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, दिल्लीची मायापुरी हीं ठिकाणें शौकीनांस ठाऊक आहेत. हरियाणांतील डबवाली जीपा बांधून देण्याबद्दल प्रसिद्ध आहे. पण बांधलेली जीप आणि राखलेली जीप यांतील भेद विसरूं नये. एक सोय अशी कीं, महिंद्रनें ही गाडी कित्येक वर्षें केल्यामुळें गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल वगैरेंचे पुष्कळ भाग मिळतात वा जुळवून घेतां येतात. दुर्मिळ असतात ते मूळचे दिवे, घड्याळासारखे मापक, आणि दोन अर्धुकें बोल्टांनीं जोडलेलीं चाकें. भाग आणावयास जातांना जुना तुकडा बरोबर न्यावा, माप दुकानांतच घ्यावें, आणि 'ओरिजिनल आहे' हें वाक्य कानांनीं ऐकून डोळ्यांनीं तपासावें.

आमचा निवाडा घरांत सर्वांस मान्य झाला. पुतण्यानें जीप घ्यावी, पण स्वतःच्या मिळकतींतून. मिस्त्रीस बरोबर नेल्यावांचून व कागद पाहिल्यावांचून बयाणा देऊं नये. आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी, तींत बदललेला प्रत्येक भाग, तारीख व किंमत लिहावी. ती वही गाडीबरोबर राहील, म्हणजे पुढें ज्याच्या हातीं गाडी जाईल त्यास ती काय आहे व काय नाहीं हें कळेल. वही त्यानें त्याच दिवशीं आणिली. पहिल्या पानावर गाडीचें नांव अद्याप कोरें आहे. थोरल्या बंधूंनीं मात्र वर्तमानपत्रामागूनच विचारलें, "आणि ते दहा हजार कोणत्या खातीं मांडावयाचे?" आम्हीं सांगितलें, "शिक्षणाच्या. पुतण्याच्या नव्हे, आमच्या."