डालड्याचा डबा आणि दोन टक्के

दासगावच्या आमच्या घरी मागील दारी डालड्याचे तीन रिकामे डबे होते. एकात तुळस, एकात राख, आणि तिसऱ्याला दोर बांधून विहिरीचे पाणी काढत. पिवळ्या पत्र्यावरचे हिरवे झाड पाहून मला वाटे, हे नारळाचेच काहीतरी असणार. साजूक तूप सणावारी. अवचित पाहुणा आला की शिरा डालड्यातला.

परवा महाडच्या एका बेकरीत खारी घेताना मालकाला विचारले, "यात डालडा का?" तो म्हणाला, "आता पूर्वीचा डालडा कुठे राहिलाय, काका?"

कायद्याने त्याचे खरे आहे. तेला-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्के झाली. पण हे ट्रान्स फॅट आले कोठून?

तेलाच्या रेणूत हायड्रोजनसाठी काही जागा रिकाम्या असतात. तेथे तो वाकलेला असतो, म्हणून तेल पातळ राहते. गरम तेलात निकेलची भुकटी घालून हायड्रोजन सोडला की त्या जागा भरतात आणि तेल थिजते. सगळ्या भरल्या तर मेणासारखे कडक होते, म्हणून मध्येच थांबवायचे. या अर्ध्या कामात काही रेणू जागा न भरताच सरळ होऊन बसतात. तेच ट्रान्स फॅट. निकेलची ही करामत फ्रान्सच्या सबात्ये यांनी सांदराँ या धर्मगुरूच्या साथीने १८९७ मध्ये दाखवली. १९१२ चे नोबेल सबात्ये यांना मिळाले. सांदराँ बाजूलाच राहिले. सबात्ये यांचे काम वाफांवरचे. पातळ तेल थिजवण्याचे पेटंट १९०२ मध्ये जर्मनीच्या नॉर्मान यांनी घेतले. तीस वर्षांत शिवडीला वनस्पतीचा कारखाना सुरू झाला आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आला.

गांधीजींचा या पदार्थाला विरोध होता. साजूक तुपात भेसळ होई ती वेगळीच. त्याला रंग द्यावा, असा वाद कित्येक वर्षे चालला. अखेर वनस्पतीत तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. कारण तिळाचे तेल असले की आम्ल आणि फरफ्युरालच्या चाचणीत लाल रंग उमटतो व भेसळ पकडता येते. मला ही युक्ती फार आवडते. पण पकडले जात होते ते तुपातले वनस्पती. वनस्पतीत काय आहे, हे कोणी विचारत नव्हते. ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले घटवते, हे नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान यांनी १९९० मध्ये दाखवले. आपल्याला दोन टक्क्यांवर यायला बत्तीस वर्षे लागली. तेवढ्यात एक पिढी खारी-बटरवर वाढली.

बँकेत असताना बेकऱ्यांच्या कर्जासाठी मालाची यादी तपासायचो. मैदा, साखर, वनस्पतीचे डबे. मी डबे मोजले, आत काय आहे ते पाहणे माझ्या कामात नव्हते. आजही पाकिटावरचा मजकूर वाचता येतो. काचेच्या बरणीतल्या सुट्या नानकटाईवर काय वाचणार? शिवाय निकेलऐवजी आता बेकऱ्यांत पाम तेल आले. ते आपोआप घट्ट राहते, पण हृदयाला फारसे मानवणारे नाही, आणि येते बहुतांश इंडोनेशिया-मलेशियातून.

मालकाने आतून डबा आणून दाखवला. लेबल तेलाने पुसट झाले होते. 'पाम' एवढे वाचता आले. मी अर्धा किलो खारी सांगितली होती, पाव किलो घेतली.