गुणतक्त्याबाहेरचं काम

रविवारी संध्याकाळी घरी फोन करण्याची आमची पाळी असते. आईबाबांशी बोलून झालं की बाबा तोच फोन न्यू जर्सीतल्या माझ्या आतेभावाला जोडून देतात. तिकडे तेव्हा सकाळ असते. माझा अभ्यास, जेवण, तब्येत यातलं तो काही विचारत नाही. त्याचा एकच प्रश्न असतो, "आज कोणाला खेळवू?"

त्याच्या वर्गातल्या दहा मुलांची फँटसी फुटबॉलची लीग आहे. हा फुटबॉल म्हणजे आपण संध्याकाळी ग्राउंडवर खेळतो तो नव्हे, अमेरिकन फुटबॉल. चेंडू लांबट असतो आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना द्यायचा. क्वार्टरबॅक कधी चेंडू लांब फेकतो, तर कधी शेजारी उभ्या असलेल्या गड्याच्या पोटाशी ठेवतो. तो गडी चेंडू छातीशी धरून गर्दीत घुसतो. तोच रनिंग बॅक.

फँटसीत प्रत्येक मुलाने खऱ्या खेळाडूंचा आपला एक कागदी संघ बांधायचा. खऱ्या सामन्यात त्या खेळाडूने दहा यार्ड धावून काढले की एक गुण, टचडाउन केला की सहा गुण. १९६२ साली ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबॅक यांनी काही जणांना घेऊन या खेळाचे नियम बसवले, तेव्हापासून तो चालू आहे. हंगामाआधी आळीपाळीने खेळाडू निवडतात. जे उरतात त्यांच्यावर पुढे दर आठवड्याला गुप्त बोली लावता येते. त्यासाठी प्रत्येकाकडे वर्षभराचे शंभर काल्पनिक डॉलर असतात. खरा पैसा आतेभावाच्या लीगमध्ये एक पैचाही नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे २०२५ मध्ये पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. तो योग्यच आहे, असं मला वाटतं. पारख करण्यातली मजा पैशाशिवायही येते.

ही मजा सगळ्यात जास्त कुठे येते? जो रनिंग बॅक कोणालाच नको असतो, तो आपण एक-दोन डॉलरांत उचलायचा आणि पुढे त्याने हंगाम जिंकून द्यायचा, यात. पण असा खेळाडू ओळखायचा कसा? माझं मत असं आहे की त्यासाठी गुणतक्ता बाजूला ठेवावा आणि ज्या कामाला एकही गुण मिळत नाही ते काम कोण करतो हे पाहावं.

हे उलटं वाटेल, पण हिशेब साधा आहे. एक रनिंग बॅक दर वेळी पाच यार्ड काढतो, पण त्याला सामन्यात चेंडू पाचच वेळा मिळतो. म्हणजे पंचवीस यार्ड, अडीच गुण. दुसरा दर वेळी चारच यार्ड काढतो, पण त्याला चेंडू वीस वेळा मिळतो. म्हणजे ऐंशी यार्ड, आठ गुण. तेव्हा खरा प्रश्न कोण जोरात धावतो हा नाही. चेंडू कोणाला मिळणार, हा आहे. आणि ते कोच ठरवतो.

कोच काय पाहतो? क्वार्टरबॅक चेंडू फेकायला मागे सरकला की समोरचे गडी त्याच्यावर चालून येतात. कित्येकदा त्यातला एक थोपवण्याची जबाबदारी रनिंग बॅकवर येते. समोरचा त्याच्यापेक्षा बराच जड असतो. त्याच्या वाटेत छाती पुढे करून उभं राहायचं, धडक खायची आणि क्वार्टरबॅकला दोन सेकंद मिळवून द्यायचे. याला ब्लॉक म्हणतात. हे ज्याला जमत नाही, त्याला फेकीच्या वेळी कोच मैदानाबाहेर बोलावतो, मग तो कितीही वेगवान असो. ज्याला जमतं तो मैदानातच राहतो, आणि जो मैदानात राहतो त्याच्याच हातात शेवटी चेंडू येतो. फँटसीत मात्र ब्लॉकला शून्य गुण. त्यामुळे बोली लावणाऱ्यांच्या डोळ्यांना तो दिसतच नाही.

मी हे माझ्याच चुकीतून शिकलो. १० सप्टेंबर २०२३, रविवार. हंगामाचा पहिला आठवडा. आतेभाऊ म्हणाला, "लॉस एंजेलिस रॅम्समध्ये कायरन विल्यम्स नावाचा रनिंग बॅक आहे. कोणीच घेतलेला नाही. ब्लॉक चांगला करतो, कोचचा त्याच्यावर भरवसा आहे. घेऊ का?" मी रुबाबात विचारलं, "त्याचे आकडे सांग." आकडे असे होते: २०२२ मध्ये पाचव्या फेरीत, १६४ व्या क्रमांकावर निवड. चाळीस यार्डांच्या धावेला ४.६५ सेकंद, म्हणजे त्या जागेसाठी हळूच. पहिल्या वर्षी दुखापती, आणि सगळ्या हंगामात मिळून १३९ यार्ड. मी निकाल दिला, "सोडून दे. नाव असलेला कोणीतरी घे."

आपल्याकडे लाइट्स आउट झाल्यावर त्यांचे सामने सुरू होतात. त्या रात्री मी झोपलो होतो, तेव्हा विल्यम्सने दोन टचडाउन केले आणि ५२ यार्ड काढले. त्याच संघातला नावाजलेला कॅम एकर्स २२ वेळा चेंडू घेऊन फक्त २९ यार्ड गेला. बुधवारी बोली उघडली, तेव्हा आतेभावाच्या वर्गातल्या दुसऱ्याच मुलाने विल्यम्सला नेलं होतं. महिना संपायच्या आत एकर्सला संघाने दुसरीकडे पाठवलं. विल्यम्सने त्या हंगामात दुखापतीमुळे फक्त १२ सामने खेळून १,१४४ यार्ड काढले. साऱ्या लीगमध्ये यार्डांत तो तिसरा आला. पुढच्या रविवारी आतेभाऊ मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

ही एकट्याची गोष्ट नाही. १९९५ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाने टेरेल डेव्हिसला सहाव्या फेरीत, १९६ व्या क्रमांकावर घेतलं. सरावाच्या दिवसांत तो यादीच्या तळाशी होता. शिबिर सोडून घरी जावं, असं त्याच्या मनात आलं होतं. टोकियोत झालेल्या सराव सामन्यात त्याला किक अडवायला पाठवलं. हे काम कोणी आवडीने करत नाही. तिथे धावत जाऊन त्याने चेंडू घेऊन येणाऱ्याला असा काही आडवा केला की कोचने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याच वर्षी तो मुख्य रनिंग बॅक झाला. १९९८ मध्ये त्याने २,००८ यार्ड काढले, आणि २०१७ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. रहीम मोस्टर्टला तर २०१५ मध्ये कोणी निवडलंच नाही, आणि पुढे सहा संघांनी काढून टाकलं. सॅन फ्रान्सिस्कोत तो किक अडवण्याच्या तुकडीत टिकून राहिला. जानेवारी २०२० मध्ये ग्रीन बेविरुद्धच्या मोठ्या सामन्यात त्याने २२० यार्ड आणि चार टचडाउन केले.

आता कोणी म्हणेल, निवडून निवडून तीन उदाहरणं दिलीस, बाकीच्यांचं काय? बरोबर आहे. स्वस्तात मिळणारे बहुतेक खेळाडू स्वस्तच राहतात. दुर्लक्षित असणं हा काही गुण नव्हे. म्हणून आता आम्ही तीन गोष्टी तपासतो. एक, मागच्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात तो मैदानावर जास्त वेळ होता का? दोन, फेकीच्या वेळीही कोच त्याला आत ठेवतो का? तीन, त्याच्यापुढे वाट काढणारे पाच लाइनमन धड आहेत का? कारण भिंत फुटलीच नाही तर कोणीही धावू शकत नाही. तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तरच बोली, आणि तीही सगळे डॉलर एकदम ओतून नाही.

हे सगळं शाळेच्या मासिकात लिहिण्याचं कारण आहे. मागच्या टर्मला आंतर-हाउस ऑब्स्टॅकलसाठी आमच्या वर्गातून नावं द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी एकेकट्याच्या वेळा लिहिलेला कागद घेतला आणि वरून नावं उचलली. एक मुलगा यादीत बसला नाही. त्याची एकट्याची वेळ खरोखरच साधारण होती. पण सरावात उंच भिंतीशी पाठ टेकवून, हाताची पायरी करून तोच उभा राहायचा. सगळ्यांना वर चढवून शेवटी स्वतः चढायचा. त्याचा तो वेळ कोणत्याच कागदावर नव्हता. स्पर्धेत आमची वेगवान मुलं भिंतीपर्यंत सगळ्यांच्या पुढे पोचली आणि तिथे एकमेकांकडे बघत उभी राहिली. संघाची वेळ शेवटच्या मुलावर धरतात. आम्ही तिसरे आलो.

कायरन विल्यम्सच्या बाबतीत जे केलं तेच मी इथे पुन्हा केलं होतं, आणि तेही सगळं कळत असताना. फरक एवढाच की तिकडे नुकसान काल्पनिक गुणांचं झालं. इकडे एका मुलाला "तू हळू आहेस" असं ऐकावं लागलं. त्यानंतर तो सरावाला येईनासा झाला.

वेळ मोजणं चूक आहे, असं मी म्हणत नाही. घड्याळ कोणाचा पक्षपात करत नाही. नाहीतर लाडके तेवढे निवडले जातील, ही शंका रास्त आहे. पण घड्याळाला जे दिसत नाही ते पाहणारं कोणीतरी हवं. म्हणून माझी सूचना एवढीच आहे: या टर्मच्या याद्या करण्याआधी प्रत्येक हाउसने एकदा पूर्ण संघ पळवून पाहावा, आणि उस्तादांनी किंवा सिनिअरने शेवटच्या रेषेवर न थांबता भिंतीपाशी उभं राहावं. कोण थांबतो, कोण हात देतो, कोणामुळे दुसऱ्याचा वेळ वाचतो, हे तिथे दहा मिनिटांत कळतं. यादी करताना वेळांच्या कागदाशेजारी हाही कागद ठेवावा.

त्या मुलाची मी माफी मागितली आहे. तो म्हणाला, "ठीक आहे." सरावाला येतो असं मात्र अजून म्हणालेला नाही. रविवारी आतेभाऊ विचारेल, "आज कोणाला खेळवू?" त्याला उत्तर मिळेल. पण त्याआधी, शनिवारी सकाळी, मी या मुलाला पुन्हा विचारणार आहे.