वाचनाचा गतकाळ आणि आजचे ग्रंथालय

पूर्वी माणसे पुष्कळ वाचीत असत, आता वाचनाची आवड लोपत चालली आहे, अशी तक्रार वरचेवर ऐकू येते. व्याख्यानमालांच्या समारोपात आणि ग्रंथप्रदर्शनांच्या उद्घाटनात तर तिला ठरावीक जागाच मिळाली आहे. तक्रार करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. परंतु निदान चुकले की उपायही चुकतो, आणि या प्रश्नाच्या बाबतीत तसेच घडत आहे.

ज्या गतकाळाचे इतक्या आदराने स्मरण केले जाते, त्या काळात वाचणारे किती होते? 1901 च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानात साक्षरांचे प्रमाण शेकडा 5.35 इतके होते. त्यामागील शतकांत ते याहून अधिक असण्याचे कारण नाही. म्हणजे शंभरांतील चौऱ्याण्णवांहून अधिक माणसांना अक्षर दिसत होते, पण बोलत नव्हते. आणि तरीही श्रीधरांचे ग्रंथ, समर्थांचा दासबोध, 1762 मध्ये पूर्ण झालेला महिपतींचा भक्तिविजय या ग्रंथांतील कथा व उपदेश निरक्षर शेतकऱ्याच्या आणि त्याच्या घरातील स्त्रियांच्या मुखी होते. हा विरोधाभास उलगडल्यावाचून जुन्या वाचनाचे स्वरूप कळणार नाही.

त्याचा उलगडा असा की, त्या काळी वाचन ही एकट्याने करावयाची क्रिया नव्हती. पोथी एकजण वाची आणि चाळीसजण ऐकत. चातुर्मासात, शेतीच्या कामातून सवड मिळे तेव्हा, देवळात वा एखाद्याच्या ओसरीवर पोथी लावली जाई. वाचणारा सुरावर ओवी म्हणे आणि थांबून अर्थ सांगे. श्रोते शंका विचारीत. हस्तलिखित पोथीत शब्द एकमेकांस जोडून लिहिलेले असत. त्यामुळे ज्याच्या कानांत ती ओवी आधीच बसलेली असे, त्यालाच ती ओघाने वाचता येई. वाचन श्रवणाच्या आधारानेच उभे होते.

यामागे भक्तिभाव होता, तसे रोकडे अर्थशास्त्रही होते. ग्रंथाची नक्कल हाताने करावी लागे. बत्तीस अक्षरांचा एक 'ग्रंथ' या मापाने मजकुराची लांबी मोजीत आणि लेखकाचे श्रमही त्याच हिशेबाने धरीत. नऊ हजारांवर ओव्यांची ज्ञानेश्वरी उतरून घ्यावयाची म्हणजे कित्येक महिन्यांची मजुरी, कागद आणि शाई यांचा खर्च आला. अशी महागडी वस्तू घरोघरी असणे शक्य नव्हते. एक प्रत पुष्कळांनी मिळून उपभोगावी हाच त्यावरचा शहाणा मार्ग होता. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समासच लिहिला आहे. तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. पानाच्या भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही, असे ते बजावतात. चष्मा सर्वांच्या आटोक्यात नव्हता आणि एका पोथीवर आयुष्य काढावयाचे होते, त्या काळातील वाचकाची स्थिती या दोन सूचनांत स्पष्ट दिसते.

मुद्रणकलेने हे चित्र पालटले, पण लोक समजतात तितक्या झपाट्याने नव्हे. गणपत कृष्णाजी यांनी 1831 मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले. पुढच्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. 1869 मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना उभा केला आणि सुबक अक्षरातील ग्रंथ तुलनेने स्वस्त झाले. तथापि छापील पंचांगही गावात एकानेच वाचून दाखवावयाचे असे. 1881 मध्ये सुरू झालेला 'केसरी' देखील खेड्यातील शिक्षक पारावर वाची आणि ऐकणारे त्यावर वाद घालीत. वृत्तपत्राचा खप आणि त्याचा वाचकवर्ग यांत मोठे अंतर होते. ते अंतर या मोठ्याने वाचण्याने भरून काढले होते.

मात्र या सामुदायिक वाचनाचे गोडवे गाताना त्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. काय वाचले जावे आणि कोणी वाचावे, हे ठरविणारे हात मोजके होते. 1873 मध्ये विवाह होऊन रमाबाई रानडे सासरी आल्या आणि पतीच्या आग्रहाने लिहिणे-वाचणे शिकू लागल्या, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांना सोसावा लागला. 1910 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी तो सर्व प्रसंग संयमाने सांगितला आहे. न्यायखात्यातील अधिकाऱ्याच्या घरी ही स्थिती, तर इतरत्र काय असेल याची कल्पनाच करावी.

याहून कठोर अनुभव शेतकऱ्याचा होता. पोथी कानाने ऐकता येत होती. पण सावकाराने मोडीत लिहिलेला कर्जरोखा वाचून दाखविणारा मनुष्य बहुधा सावकाराच्याच बाजूचा असे. जे वाचता येत नाही त्यावर अंगठा उठवावयाचा, ही त्या शेतकऱ्याची रोजची 'वाचन'क्रिया होती. 1875 च्या मे महिन्यात सुपे येथे दंगा उसळला आणि पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला, तेव्हा शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांपेक्षा त्यांच्या दप्तरांवर होता. ते कागद हस्तगत करून जाळण्यात आले. पुढे 1879 च्या कायद्याने शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावेत अशी तरतूद करावी लागली. निरक्षरतेची किंमत सरकारलाही मान्य करावी लागली, ती अशी.

जोतीराव फुले यांनी हे मर्म अचूक ओळखले होते. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना त्यांनी प्राथमिक शाळेत मोडी व बालबोध वाचन-लेखन आणि हिशेब शिकविण्याची मागणी केली. परंतु शाळांची वाट पाहत ते थांबले नाहीत. 1883 मध्ये पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मधील भाग त्यांनी ठिकठिकाणी लोकांना स्वतः वाचून दाखविले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले. पुराणिकाची जुनी पद्धत त्यांनी नव्या विचारासाठी वापरली. याच सयाजीरावांनी 1910 पासून बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले आणि खेडोपाडी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठविल्या. सक्तीचे प्राथमिक शिक्षण त्यांनी त्यापूर्वीच, 1906 मध्ये, संस्थानभर लागू केले होते. आधी अक्षर आणि मागोमाग पुस्तक, हा क्रम त्यांनी सोडला नाही.

आज परिस्थिती उलटी आहे. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साक्षरतेचे प्रमाण शेकडा 82 वर गेले. 1967 च्या कायद्याच्या आधाराने गावोगाव ग्रंथालये उभी राहिली आणि वर्गवारीनुसार त्यांना अनुदानही मिळते. पण ज्या ठिकाणी लोक जमून वाचीत, ऐकत आणि विचारीत, ती जागा मात्र नाहीशी झाली. कित्येक ग्रंथालयांत वर्गवारी टिकविण्यासाठी ग्रंथसंख्या पुरी केली जाते. ती पुस्तके उघडली जातात की नाही हे कोणी पाहत नाही. आणि शेतकरी? तो आता अंगठा न उठवता सही करतो. पण पीककर्जाचा अर्ज, विम्याच्या अटी किंवा भ्रमणध्वनीवर 'मान्य आहे' म्हणून दाबावयाचा मजकूर तो वाचतोच असे नाही. अक्षर आले, अर्थ यावयाचा राहिला.

तेव्हा गतकाळाबद्दल उसासे टाकण्यापेक्षा त्यातील उपयुक्त भाग उचलावा हे बरे. प्रत्येक मान्यताप्राप्त ग्रंथालयाने आठवड्यातून किमान एक संध्याकाळ जाहीर वाचनासाठी राखून ठेवावी. तेथे कादंबरी वाचावी, वृत्तपत्र वाचावे, तसेच विम्याच्या आणि कर्जाच्या अटीही वाचून त्यांचा अर्थ सांगावा. अनुदान ठरविताना कपाटातील पुस्तकांइतकेच या संध्याकाळच्या उपस्थितीला महत्त्व द्यावे. यासाठी नवी इमारत लागत नाही की मोठा निधी लागत नाही. एक वाचणारा, काही ऐकणारे आणि प्रश्न विचारण्याची मुभा एवढे पुरेसे आहे. आपल्या पूर्वजांपाशी पुस्तके थोडी होती, म्हणून त्यांनी ती वाटून घेतली. आज पुस्तके पुष्कळ आहेत. वाटून घेण्याची सवय तेवढी पुन्हा लावावयाची आहे.