दांडग्या नराची दंतकथा

चंदीगडला खेटून असलेल्या मोहालीत, सेक्टर 67च्या टपरीवर माकडांचा विषय निघाला की एक सिद्धान्त हमखास कानावर पडतो: टोळीत एक दांडगा नर असतो, सगळी पिल्लं त्याचीच, तेवढा पकडून लांबच्या जंगलात सोडला की टोळी मोडली. लाल तोंडाच्या रीसस माकडांचा उपद्रव खरा आहे. निदान मात्र चुकीचं आहे.

1938 मध्ये भारतातून चारशेच्या आसपास रीसस माकडं पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर नेऊन सोडली. तिथल्या पिल्लांचे बाप पुढे डीएनएवरून शोधले, तेव्हा मानाच्या नराची मक्तेदारी दिसली नाही. बऱ्याच माद्या एकाच हंगामात माजावर येतात; एकटा नर किती जणींवर पहारा ठेवणार? शिवाय माद्या आपली निवड करतात, कधी नवख्या नराचीही. आणि नराचा मान मारामारीपेक्षा टोळीत काढलेल्या वर्षांवर जास्त ठरतो.

टोळीचा कणा माद्यांचा असतो. मादी जन्मल्या टोळीतच राहते. आईचा मान लेकीला मिळतो आणि बहिणींत बहुधा धाकटी वरचढ ठरते: केळ्याच्या सालीजवळ बसलेल्या थोरलीला ती आईच्या जोरावर खुशाल उठवते. नर मात्र वयात येताना टोळी सोडतात. म्हणून आईकडूनच येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मुलखागणिक वेगळा राहतो आणि केंद्रकातला डीएनए नरांबरोबर टोळ्याटोळ्यांतून फिरतो. टोळी फुटली तरी मायलेकी बहुधा एकत्रच निघतात. जनुकांचं वैविध्य असं वागणुकीतून घडतं.

मग एक नर उचलून काय साधतं? त्याची जागा दुसरा घेतो, माद्या हलत नाहीत, उकिरडा तसाच राहतो. लांब सोडलेला नर तिथल्या माकडांत परकी जनुकं मिसळतो, ती वेगळीच उठाठेव. उपाय हवाच, पण टोळी हे एकक धरून: आधी टोळीवार मोजणी, उघडा कचरा आणि श्रद्धेनं खाऊ घालणं बंद, नसबंदी करायची तर टोळीतल्या माद्यांचा हिशेब ठेवून. पिंजरा लावणं त्यामानानं सोपं आणि दिसायला शूर. त्याचं बिल मात्र दर हंगामात नागरिकांच्याच माथी येतं.